मोडीची अक्षरं येतात, पण कागद लागत नाही: सराव नेमका कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोडीचा, म्हणजे जुने मराठी कागद ज्या धावत्या लिपीत लिहीत तिचा, दहा दिवसांचा वर्ग केला, मुळाक्षरं आणि बाराखडी पक्की आहे, गेलं वर्षभर रोज पाऊण तास जुन्या कागदांचे फोटो उघडून वाचता. तरी एका ओळीतले चार-पाच शब्द सुटतातच. घरात पणजोबांच्या वेळचं एक खरेदीखत आहे, तेही अर्धंच लागतं. अजून किती वाचलं म्हणजे जमेल?

स्पष्टच सांगतो. आत्ता वाचताय तसंच आणखी दोन वर्षं वाचलंत तरी फारसा फरक पडणार नाही. रोजचा पाऊण तास पुरेसा आहे. पण त्या पाऊण तासात तुम्ही जे करता ते वाचन आहे, त्याला सराव म्हणता येणार नाही.

वर्गातले बहुतेक जण काय करतात ते मी नेहमी बघतो. कागद उघडला की आधी ओळखीचे शब्द टिपले जातात: राजश्री, मौजे मजकूर, पाटील, कुलकर्णी, रुपये. मधलं काही अडलं की डोळा पुढे सरकतो. शेवटी ‘जमिनीचा काहीतरी वाद दिसतोय’ एवढा अर्थ लागला की समाधान होतं आणि दुसरा कागद उघडला जातो. म्हणजे जे येत होतं तेच पुन्हा घोटलं गेलं. जे येत नव्हतं त्याला हातच लागला नाही. शिवाय जे वाचलं ते बरोबर की चूक हे सांगणारं कुणी नव्हतं. चुकीचं वाचलेलं अक्षर दहा कागदांत तसंच वाचलं की ते डोळ्यांत मुरतं, आणि मग ते काढणं नव्यानं शिकण्यापेक्षा अवघड होऊन बसतं.

सरावावर ज्यांनी आयुष्यभर संशोधन केलं ते स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांचं म्हणणं हेच होतं. १९९३ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे ‘दहा हजार तास’ हे प्रकरण निघालं आणि घरोघरी पोचलं. वास्तविक तो आकडा सर्वांत चांगल्या गटाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या तासांची सरासरी होता. इतके तास भरले की माणूस तयार होतो, असं एरिक्सन कधी म्हणाले नाहीत. त्यांचा भर तासांत काय करता यावर होता: आपल्या आवाक्याच्या जरा पलीकडचा एक छोटा तुकडा घ्यायचा, पूर्ण लक्ष देऊन करायचा, चूक कुठे झाली ते लगेच समजून घ्यायचं आणि तोच तुकडा पुन्हा करायचा. मोडीला हे चपखल लागू पडतं, कारण मोडीत बरोबर उत्तर एकच असतं आणि ते ताडून बघता येतं. गाण्यात किंवा लिखाणात ही सोय इतकी सरळ नाही.

म्हणून पहिलं काम: उत्तर कुठून मिळणार ते ठरवा. ज्यांचं लिप्यंतर उपलब्ध नाही असे कागद काही महिने बंद. मूळ पत्राचा फोटो आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर देणारी मोडीची पुस्तकं बाजारात मिळतात, ती घ्या. तेही नसेल तर वर्गातला एखादा सोबती गाठा. दोघांनी एकच कागद आपापल्या घरी वाचून पूर्ण लिहून काढायचा आणि मग समोरासमोर बसून ताडायचा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे निदान एक जण चुकलेला असतो, आणि वाद घालताना दोघंही त्या अक्षराकडे जितकं निरखून बघतात तितकं एकट्यानं कधीच बघितलं जात नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. दहा-बारा ओळींचा एकच कागद घ्या. लिप्यंतर झाकून ठेवा. वहीत एकाआड एक ओळ सोडून, कागदावरचं अक्षर न् अक्षर देवनागरीत उतरवा. मनात वाचू नका, लिहा. मनातल्या मनात वाचताना आपण स्वतःला फार सवलत देतो. जे अक्षर लागत नाही त्याच्या जागी टिंब द्या. तीन अक्षरं अडली तर तीन टिंबं, जागा गाळायची नाही. जे लागलं पण खात्री नाही त्याखाली रेघ मारा. संपूर्ण कागद असा उतरला की मगच लिप्यंतर उघडा आणि मोकळ्या सोडलेल्या ओळीत लाल पेनानं दुरुस्त्या करा.

आता त्या लाल खुणांकडे बघा. टिंबं दिसली की लोकांना वाईट वाटतं. मला तर टिंबं फार चांगली वाटतात, कारण तिथे तुम्हाला येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. खरी धोक्याची जागा म्हणजे जिथे टिंबही नव्हतं, रेघही नव्हती आणि तरी चुकलं. बिनधास्त वाचून चुकलेलं अक्षर. ते वेगळ्या वहीत उतरवा: मोडीत जसं होतं तसं गिरवून, मागच्या-पुढच्या अक्षरांसकट, आणि शेजारी ‘मी काय वाचलं, काय होतं’. महिन्याभरात या वहीत तुमच्या चुकांची एक ठरावीक टोळी दिसू लागेल. प्रत्येकाची वेगळी असते. कुणाचं न आणि म यांत अडतं, कुणाचं घाईच्या हातातलं स ओळखण्यात. र मात्र बहुतेकांना छळतो, कारण शेजारी कोणतं अक्षर आहे त्याप्रमाणे त्याचं रूप बदलतं आणि कधी तो मागच्या अक्षराच्या शेपटीतच विरघळून जातो. तक्त्यातला सुटा र ओळखता येणं आणि वाक्यातला र ओळखता येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

टोळी कळली की तिच्यावरच तुटून पडायचं. समजा न आणि म यांचा घोळ आहे. वेगवेगळ्या कागदांतून ही दोन अक्षरं असलेले पंधरा-वीस शब्द मोबाइलवर कापून घ्या, सरमिसळ करा आणि एकेक उघडून पटापट नाव सांगा. सगळे न एकत्र आणि सगळे म एकत्र ठेवलेत तर उपयोग नाही. तेव्हा डोळा ओळखत नाही, फक्त मागचं उत्तर पुढे रेटतो. हा दहा मिनिटांचा खेळ आहे, कंटाळवाणा आहे, आणि तुमच्या पाऊण तासातली सर्वांत कमाईची दहा मिनिटं हीच.

दुसरी गोष्ट बरेच जण टाळतात: मोडी लिहिणं. ‘मला फक्त वाचायचंय, लिहून काय करू?’ असं विचारतात. पण मोडी हे धावत्या हाताचं लेखन आहे. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं खाली उतरवत जायची, ही कारकुनाची पद्धत. हात कुठून आत शिरला, कुठे वळला, पुढच्या अक्षराकडे जायला कोणती वाट पकडली, हे तुमच्या हाताला ठाऊक असेल तर डोळ्याला अर्धी मदत तिथेच मिळते. कागदावरची न लागणारी ओळ वर पारदर्शक कागद ठेवून त्याच वेगानं गिरवून बघा. संथ नाही, त्याच वेगानं. कित्येकदा ओळ गिरवून संपायच्या आत शब्द तोंडात येतो. बोरू (जुनी कापलेली लेखणी) मिळाला तर उत्तम, नाही तर साधं पेन चालेल.

आता तुमच्या पाचही सुटणाऱ्या शब्दांना अक्षरंच जबाबदार आहेत असं समजू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, अनुस्वार पुष्कळदा गळलेला असतो. एक नमुना देतो. कागदावर सलग आहे: ‘त्यासदेऊनये’. सगळी अक्षरं बिनचूक लागली. पण वाचायचं काय? ‘त्यास देऊ नये’ की ‘त्यास देऊन ये’? एकात मनाई आहे, दुसऱ्यात हुकूम. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की निम्मी मंडळी एक म्हणतात आणि निम्मी दुसरं. निवाडा अक्षरांनी होत नाही, भाषेनं होतो. सरकारी कागदात हुकूम बहुधा ‘देणे’, ‘पाठवणे’, ‘करवणे’ असा येतो; ‘ये’ असं एकेरी आज्ञार्थी रूप तिथे अगदी क्वचित. त्यामुळे दप्तरातल्या कागदात ‘देऊ नये’कडे झुकायचं. पण तेच बापानं मुलाला लिहिलेलं घरगुती पत्र असेल तर थांबून पुढची ओळ वाचल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

हे कौशल्य वेगळं आहे, म्हणून त्याचा सरावही वेगळा करा. यात मोडी लागतच नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले, ते सगळे देवनागरीत आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंडही तसेच. त्यातलं एखादं पत्र घ्या आणि वहीत देवनागरीतच उतरवा, पण शब्द जोडून, स्वल्पविराम-पूर्णविराम काढून, सगळे इकार-उकार एकाच प्रकारचे करून. चार दिवस वही बाजूला ठेवा. मग आपलंच लिखाण फोडून वाचा. कुठे अडलात ते छापील पानाशी ताडा. अक्षरओळख आणि शब्द फोडणं या दोन गोष्टी एकत्र अडत असतील तर कोणती कच्ची आहे ते कधीच कळत नाही. वेगळ्या काढल्या की लगेच कळतं.

याच खंडांतून जुनी भाषाही कानावर पडते. दरोबस्त, तागाईत, सालाबादप्रमाणे, बिलाकुसूर, इस्तावा: हे शब्द ज्याला माहीतच नाहीत त्याला ते कितीही सुवाच्य लिहिले तरी लागणार नाहीत. अडला शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघा. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीला या कामात अजून तोड नाही, कारण तो ज्या मराठीचा कोश आहे ती तुमच्या खरेदीखताला जवळची आहे.

संक्षेप आणि आकडे यांचा हिशेब पुन्हा निराळा. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘ता।’ म्हणजे तर्फ, ‘पा।’ म्हणजे परगणे, इथे ती उभी रेघ शब्द तोडल्याची खूण आहे. तीच रेघ आकड्यापुढे आली की पाव होते: ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच, ५॥। म्हणजे पावणेसहा. जमिनीच्या कागदात एक रेघ नजरेतून निसटली तर पाव बिघा गेला. शिवाय मापं दशमान नाहीत. वीस पांडांचा बिघा, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक पाठ असलं तर बेरीज ताडून आपण आकडा बरोबर वाचला की नाही ते स्वतःलाच कळतं. जमाखर्चाच्या कागदाइतका प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही. बेरीज जुळली नाही की तुम्ही कुठेतरी चुकलात, वाद नाही. (लिहिणारा कारकूनही कधी चुकलेला असतो, पण तो विचार सर्वांत शेवटी करायचा.)

तारखांचंही असंच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं वर्ष दिसलं की पुष्कळ जण ते सोडून देतात. ते अरबी अंक आहेत, एकं-दहं-शतं-सहस्र या क्रमानं: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारा शुहूर सन, ११६१. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सुरू होतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल १७६०-६१चं. १४ जानेवारी १७६१चं पानिपत यातलंच. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे नऊ आणि अशर, अशरीन, सलासीन असे दहाचे टप्पे रोज पाच मिनिटं सरमिसळ करून सोडवलेत तर पंधरवड्यात हा प्रश्न कायमचा निकालात निघतो. तारखेच्या आधी ‘छ’ असेल तर पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख आहे, हेही त्यातच येऊन जातं.

इतकं करूनही एक जागा अशी येते की प्रगती अडते, आणि तिथे लोक खचतात. पेशवाईतली पत्रं बऱ्यापैकी लागू लागलेली असतात, उत्साहानं एकोणिसाव्या शतकातला गावचा एखादा दस्त हातात घ्यावा तर पुन्हा पहिल्या दिवसासारखी गत. हे होणारच. एरिक्सन यांच्याच एका जुन्या प्रयोगात, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या, एका कॉलेजातल्या मुलाला ऐकलेले अंक लक्षात ठेवायचा सराव दिला होता. सात अंकांपासून सुरुवात करून वीस महिन्यांत तो ७९ अंकांपर्यंत पोचला. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली, तर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. स्मरणशक्ती वाढली नव्हती, अंक बांधण्याची एक युक्ती पक्की झाली होती. तुमचंही वाचन एका हातावर, एका काळावर, एका प्रकारच्या कागदावर पक्कं झालेलं असतं. पेशवेकालीन चिटणिसाचं वळणदार अक्षर, शिवकालीन महजर (निवाड्याचा कागद), इंग्रजी अमदानीतल्या तलाठ्याची नोंद, तंजावरच्या मराठ्यांचे मोडी कागद: प्रत्येकाचा हात निराळा, मजकूर निराळा. म्हणून एकाच लेखकाचे पाच-सात कागद सलग करा, मग हात बदला. बदलताना एकच गोष्ट बदला. काळ तोच ठेवून हात बदला, किंवा हात सुवाच्य ठेवून काळ बदला. दोन्ही एकदम बदललेत की कशामुळे अडलं ते कळत नाही.

ठरावीक मायन्याबद्दल थोडं, कारण इथे मदत आणि धोका दोन्ही आहे. ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती’. अनुभवी वाचक हे अक्षरागणिक वाचत नाही, ओळच्या ओळ एका नजरेत उचलतो. बुद्धिबळातले मुरलेले खेळाडू खऱ्या डावातला पट पाच सेकंद बघून जवळपास जसाच्या तसा मांडतात, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की नवख्यांपेक्षा फार पुढे जात नाहीत, हे १९७३ साली चेस आणि सायमन यांनी दाखवलं होतं. त्यातलंच हे. पण मायना संपून मजकूर सुरू झाला की ही सवय आवरायला हवी. ‘इथे नेहमी असंच असतं’ म्हणून वाचलेलं नाव दुसऱ्याच माणसाचं निघतं. गावांची आणि माणसांची नावं नेहमी अक्षरानंच वाचायची, अंदाजानं कधीच नाही.

वेळेबद्दल विचारलंत म्हणून सांगतो: पाऊण तास पुरे, पण एका बैठकीत. त्यात दहा मिनिटं चुकांची वही, पाच मिनिटं अंक नाही तर संक्षेप, उरलेल्यात एकच कागद. डोळे थकले की माणूस वाचत नाही, जुळवतो. रात्री जेवणानंतर पेंगत केलेल्या वाचनातून चुका तेवढ्या पक्क्या होतात. आठवड्यातून एकदा महिन्यापूर्वीचा कागद नव्या पानावर पुन्हा उतरवा आणि लाल खुणा मोजा. कमी झाल्या असतील तर पद्धत लागू पडतेय. तेवढ्याच असतील तर चुकांच्या वहीतलं जे टाळताय ते शोधा, बहुधा तिथेच अडलेलं असतं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि वर्ग करून आलेले काही जण लगेच दाखले वाचून द्यायला लागले. माझं मत जरा कडक आहे. ज्याच्या वाचनावर दुसऱ्याचा दाखला किंवा जमीन अवलंबून आहे त्यानं आधी किमान काही महिने ताडलेलं वाचन केलेलं असावं, आणि लिप्यंतरात न लागलेल्या जागी टिंब ठेवण्याची हिंमत असावी. जातीच्या रकान्यातला ‘कु।’ आणि वतनदारांच्या यादीतला ‘कु।’ एकच असेल असं धरून चालता येत नाही; एक कुणबी असेल, दुसरा कुलकर्णी. जिथे खात्री नाही तिथे तसं लिहून द्यावं. चांगल्या वाचकाची ओळख मला त्यातच पटते.

तुमच्या खरेदीखताचं म्हणाल तर ते तूर्त बाजूला ठेवा. घरचा कागद असला की मन आधीच अर्थ ठरवून बसलेलं असतं: आजोबांनी सांगितलेली शेताची चतुःसीमा, भाऊबंदांची नावं. त्याच काळातले, त्याच तालुक्यातले लिप्यंतर असलेले दोन-तीन दस्त मिळाले तर आधी ते करा, म्हणजे लिहून देणार, लिहून घेणार, पूर्वेस-पश्चिमेस, साक्षीदार हा सगळा साचा डोळ्यांत बसेल. मग घरचा कागद उतरवायला घ्या. तरी एखादी जागा अडलीच तर तेवढ्याच शब्दाचा फोटो न पाठवता वरच्या-खालच्या दोन ओळींसकट पाठवा, सोबत तुम्ही काय वाचलंत तेही लिहून. त्याशिवाय मी उत्तर देत नाही.